समितीच्या अध्यक्षांचे हात

आमच्या हॉस्पिटलात प्रत्येक बेसिनच्या वर माझा फोटो होता. आता तिथे चार खिळे आणि भिंतीचा जरा उजळ चौकोन उरला आहे. फोटोत मी बाह्या वर करून साबणाने हात धुतो आहे आणि कॅमेऱ्याकडे पाहून असा हसतो आहे, की बघणाऱ्याला वाटावं, हात धुण्याचा शोध यानेच लावला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी हात धुवा, मग रुग्णाला हात लावा.' वाक्य माझंच. त्या फोटोसाठी मी तीन शर्ट बदलले होते, हेही सांगून टाकतो. या हकिकतीत लपवण्यासारखं तसंही फार काही उरत नाही.

मी हाडांचा डॉक्टर. मूळचा अकोल्याचा, नोकरी अमरावतीच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. अकोल्याचा माणूस अमरावतीत राहायला आला की त्याला दोन सवयी लागतात, इथल्या उन्हाला कमी लेखायची आणि स्वतःला जास्त. उन्हाचं एक वेळ ठीक आहे.

काही वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, की औषधांना न जुमानणारे जंतू हॉस्पिटलात पसरू नयेत म्हणून एक समिती नेमा. मीटिंगमध्ये अध्यक्ष कोण होणार असं विचारल्याबरोबर बाकीचे सगळे डॉक्टर आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. मी तेवढा समोर बघत होतो. तसा मी अध्यक्ष झालो, आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "शेवटी त्यांना माझ्याकडेच यावं लागलं."

काम मात्र मी मनापासून केलं. भाषणं केली. जंतूंवर आपण औषध मारतो, त्यातले काही वाचतात, वाचलेले वाढतात, आणि मग त्या औषधाला ते दाद देत नाहीत. असे जंतू हॉस्पिटलात सगळ्यात जास्त, कारण औषधंही तिथेच जास्त. "पण या जंतूला पाय नाहीत, पंख नाहीत," मी म्हणायचो. "एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला त्याला..." आणि इथे मी थांबायचो. आमच्या वॉर्डातली आया मोझरीकडची, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. मागून ती वाक्य पूर्ण करायची, "...नेनारा लागते!" तिला पाठ झालं होतं. मला वाटायचं, बघा, अशी पोचतात आपली भाषणं.

मग नियम आले. जखमा बांधणाऱ्या ड्रेसरची अंगठी काढायला लावली. आयाच्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला लावल्या. ती चार दिवस कुरकुरली, पाचव्या दिवशी उघड्या मनगटांनी आली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात साफ करायच्या औषधाची बाटली लटकवली. आणि सगळ्यात अवघड म्हणजे भेटायला येणाऱ्यांना आवरलं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला एकटं टाकत नाहीत. मोर्शीकडच्या एका म्हाताऱ्याला भेटायला मालाची गाडी भरून माणसं आली. खाटेवर चौघं बसली, दोघं पाय चेपू लागली, एकजण संत्र सोलून एकेक फोड त्याच्या तोंडात घालू लागला. मी दारात उभा राहून ओरडलो, "एका वेळी एकच!" तेव्हा त्यांच्यातला एक शांतपणे म्हणाला, "मंग बाकीच्याइनं काय रस्त्यावर बसून रडाचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण अध्यक्षपद होतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. वऱ्हाडात डॉक्टरच्या पाया पडतात. मी राउंडला निघालो की पेशंटची आई, बाप, काका, सून, जो कोणी खाटेशी असेल तो पुढे येऊन वाकायचा. बाया पदर डोक्यावर घेऊन उकिडव्या बसायच्या आणि माझ्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावायच्या. मी "असू द्या, असू द्या" म्हणायचो. हे दोन शब्द म्हणायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत माणूस मागे सरकतो. मी दुसऱ्या तऱ्हेने म्हणायचो. मी जागचा हलायचो नाही, किंचित पुढे झुकायचो आणि वाकलेल्याच्या डोक्यावर हात ठेवायचो. लहान पोर असेल तर गालावरही. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांच्या पाया घराबाहेरचं कोणी पडल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मला त्याचं फार अप्रूप होतं, आणि ते कधी कमी झालं नाही.

आठ नंबरच्या खाटेवर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, मांडीचं हाड मोडलेलं. बौद्ध कुटुंब. मुलगा रोज यायचा. मी आलो की बापलेक दोघंही ताठ मानेने "जय भीम, डॉक्टर" म्हणायचे आणि थेट मुद्द्याचे प्रश्न विचारायचे, कोणतं औषध चालू आहे, किती दिवस, का. मीही "जय भीम" म्हणायचो, उत्तरं द्यायचो आणि पुढच्या खाटेकडे जाताना मनातल्या मनात जरा खट्टू असायचो. त्यांनी वाकावं अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. म्हणजे, नव्हती असं मी स्वतःला सांगत असे.

त्यांच्या शेजारी, सात नंबरवर, ती आली.

शेंदूरजनाघाटची. पस्तिशीची असेल. संत्र्याच्या दिवसांत फळं निवडायच्या कामाला जायची आणि एरवी दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, म्हणजे तण काढायला. फळांच्या क्रेटनी भरलेल्या टेम्पोतून उतरताना पाय घसरून पडली होती. गुडघ्याच्या लगेच खालचं हाड फुटून सांध्यापर्यंत तडा गेला होता. नवरा दारातच उभा होता, टोपी हातात घेऊन. मी एक्स-रे उजेडाला धरला तर तिने तिकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, गुडघा वाकन ना?"

तिला चालता येईल का, दुखेल का, हे तिने विचारलं नाही. निंदण उकिडवं बसून करतात. संत्री निवडतात ती ढिगापुढे जमिनीवर बसून. घरात चूल खाली, पाण्याची गुंडी खाली. तिचं सगळं जगणं जमिनीपासून हातभर उंचीवर होतं, आणि तिथे पोचायला गुडघा लागतो.

हे मला कळलं. पण मी जे उत्तर दिलं ते असं, "वाकन म्हंजे काय, ताई! सुट्टीच्या दिवशी तुमीच उकिडव्या बसून माह्या पाया पडसान, पाहा." नवरा हसला. तीही हसली. सगळ्यात जास्त मी हसलो.

ऑपरेशन चांगलं झालं. धातूची पट्टी, स्क्रू, सांधा जुळवलेला. एक्स-रे मी दोन दिवस मोबाइलमध्ये घेऊन हिंडलो आणि ज्यांना हाडातलं काही कळत नाही त्यांनाही दाखवला. आठव्या दिवशी जखमेच्या एका टोकाला लाली आली. दहाव्या दिवशी पाणी सुटलं. तिला ताप भरला.

जखमेचा नमुना अकोल्याला पाठवला. अमरावतीत लॅब नाहीत असं नाही, पण अकोल्याची लॅब माझी एक वर्गमैत्रीण चालवते. जंतूंच्या बाबतीत ती कोणाला भीत नाही आणि माझ्या बाबतीत तर अजिबातच नाही. तिसऱ्या दिवशी तिने प्लेटचा फोटो पाठवला. जंतू वाढवलेल्या प्लेटवर औषधांच्या पांढऱ्या चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. या प्लेटवर जंतू एकेका चकतीच्या कडेपर्यंत येऊन भिडले होते, दोनच चकत्यांना त्यांनी अंतर दिलं होतं. पाठोपाठ तिचा फोन आला. "मागच्या पंधरवड्यात तुह्या वॉर्डातून दोन नमुने आले होते, चार नंबर आन् अकरा नंबर. तिघांचाबी जंतू एकच हाय. तुह्या वॉर्डात कोनीतरी वाटून राहिलं हे."

वाटणारा शोधायला मी कंबर कसली. नळांच्या तोट्यांवरून कापूस फिरवला. पडद्यांवरून, पोछ्यावरून, ड्रेसिंगच्या गाडीवरून, बीपीच्या यंत्राच्या पट्ट्यावरून फिरवला. आयाचे हात तपासले, ड्रेसरचे तपासले, सगळ्या सिस्टरांचे तपासले, माझ्या हाताखालच्या डॉक्टरचे तपासले. तो बिचारा हात पुढे करून असा उभा होता, जणू शाळेत नखं दाखवतो आहे. जिन्याखाली झोपणाऱ्या मांजराचाही नमुना घ्यावा असं मी सुचवलं. तेव्हा आमच्या हेडसिस्टर, दर्यापूरच्या, निवृत्तीला आलेल्या आणि बोलायला मोजक्या, एवढंच म्हणाल्या, "मांजर राउंड घेत नाही, सर." मी ते हसण्यावारी नेलं. अध्यक्षांचे हात तपासायचे राहिले, पण तसं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

काहीच सापडेना. मग मी पुस्तकात वाचलेला एक उपाय काढला. कोण हात धुतं आणि कोण धुत नाही, याची नोंद गुपचूप ठेवायची. पहारेकरी आहे हे कळलं की सगळेच धुतात. मग दिवसभर वॉर्डात असणारा आणि कोणाचं लक्ष नसणारा माणूस कोण? मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. मी सात नंबरच्या खाटेजवळ वाकलो आणि हळूच विचारलं, "ताई, तुमी ढिगातून खराब फळ नजरेनंच ओळखता ना?"

"नजरेनं कुठी, हातानं," ती म्हणाली. "दाबून पाहा लागते. पन नजर बी लागते."

मी तिला आखलेला कागद दिला आणि पेन्सिल. चार रकाने केले होते, सिस्टर, ड्रेसर, आया, लहान डॉक्टर. हात साफ करून पेशंटला हात लावला तर उभी रेघ, न करता लावला तर आडवी. ती सातवी शिकलेली होती, तिला लगेच समजलं. आठ दिवस करायचं, कोणाला सांगायचं नाही. पाय उशीवर, अंगात ताप येऊन जाऊन, पण ते काम मिळाल्यावर तिचा चेहरा जरा उजळला. दुपारी मी जाता जाता विचारायचो, "चालू हाय ना?" ती डोळे मिटून मान हलवायची.

आठ दिवसांनी मी कागद मागितला. "हारपला," ती म्हणाली. मी नाराज झालो. मनात म्हणालो, चूक माझीच, असं काम अशा बाईला द्यायला नको होतं. ती छताकडे बघत राहिली.

जखम चिघळतच होती. गुडघ्यात पू झाला होता. सांधा उघडून धुवायचं ठरलं. सकाळी तिला आत घेतलं. दीड तास मी तिचा गुडघा धूत होतो. तीन-चार आठवड्यांपूर्वी जे इतकं सुबक जुळवलं होतं, त्यावर पिवळट थर साचला होता. मला तिचा राग आला नाही, नशिबाचा आला. मी हिला गुडघा चांगला करून दिला होता, कोणीतरी खराब केला, असं मी सहायकाला म्हणालोसुद्धा.

बाहेर आलो तर हेडसिस्टर दारात उभ्या. सात नंबरची चादर बदलताना गादीखाली घडी केलेला कागद सापडला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

चार रकान्यांत रेघा होत्या. बहुतेक उभ्या, मधूनमधून आडव्या. आयाच्या रकान्यात तर जवळजवळ सगळ्या उभ्या. पण कागदाच्या कडेला जागा नसताना तिने पेन्सिलने पाचवा रकाना ओढला होता आणि वर लिहिलं होतं, 'मोठे डाक्टर'. त्या रकान्यात प्रत्येक उभ्या रेघेच्या लगेच पुढे एक आडवी रेघ होती. उभी, आडवी. उभी, आडवी. खालपर्यंत. फक्त एका ठिकाणी, दर दिवसाच्या ओळीत एकदा, उभी रेघ एकटी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. पण समजायला लागू नये म्हणून माणूस विचारतो.

"तुम्ही बाटलीतलं औषध घेऊन हात चोळता, सर," हेडसिस्टर म्हणाल्या. "चांगले चोळता. तोवर नातेवाईक पाया पडायला येतात. तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवता, पाठीवर ठेवता. आणि तोच हात मग जखमेला."

हात धुणं आणि जखम, यांच्या मधोमध रोज एक डोकं येत होतं. पेशंटची शी-शू काढणारं, पू पुसणारं, रात्रभर त्याच्या उशाशी टेकलेलं डोकं. चार नंबरच्या पेशंटच्या आईचं, अकराच्या भावाचं, साताच्या नवऱ्याचं. मी एकेकाला आशीर्वाद देत बारा खाटा फिरत होतो. आणि एकटी उभी रेघ कुठली, तेही कळलं. आठ नंबर. जय भीमवाले पोस्टमास्तर. त्यांची जखम सगळ्यात आधी भरली होती, आणि मी त्याचं श्रेय माझ्या टाक्यांना दिलं होतं.

"तुम्हाला हे दिसत होतं?" मी हेडसिस्टरना विचारलं.

"दिसत होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला ते आवडत होतं," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी, ती नीट शुद्धीवर आणि जेवायला लागल्यावर, मी कागद घेऊन सात नंबरपाशी स्टूलवर बसलो. कागद पाहिल्याबरोबर तिने तोंडाला पदर लावला. मी रागवायला आलो आहे असं तिला वाटलं.

"ताई, हे तवाच काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगाचं?" ती म्हणाली. "तुमाले राग आला असता तं माहा गुडघा कोनं पाह्यला असता?"

हातात तिचा गुडघा असलेला माणूस म्हणजे मीच. माझ्याच चुकीची नोंद ती माझ्याच भीतीने आठ दिवस अंगाखाली घेऊन झोपली होती.

पण मी लगेच सुधारलो असं कोणी समजू नये. मी आधी अकोल्याला फोन केला. मैत्रीण म्हणाली, "राउंड घे, नेहमीसारखा. मंग दोन्ही पंजे प्लेटवर दाब आन् पाठव." मी पाठवले. तिसऱ्या दिवशी फोटो आला. प्लेटवर माझ्या पंजाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं, अंगठ्याखालचा उंचवटा, सगळं दाण्यादाण्यांनी भरलेलं. "अभिनंदन," ती म्हणाली. "असं पीक तुह्या आज्यानं बी घेतलं नसन. तोच जंतू हाय."

"पण मी तिला दिला, की तिच्याकडून मला आला?" मी विचारलं.

"ते प्लेट सांगत नाही," ती म्हणाली.

त्या वाक्याला धरून मी दोन दिवस काढले. जेवताना, झोपताना, गाडी चालवताना मी स्वतःला सांगत होतो, प्लेट सांगत नाही. तिसऱ्या दिवशी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "प्लेट सांगत नाही, पण कागद तर सांगतो ना?" तेव्हा कुठे ते वाक्य मी सोडलं.

समितीची बैठक बोलावली. कागद सगळ्यांसमोर वाचला. ड्रेसर खाली बघत होता, लहान डॉक्टर छताकडे. आयाने मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग मी बांगड्या घालू काय आता?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नका घालू. पण तुमच्यावर ओरडायचा हक्क मला नव्हता." ती म्हणाली, "ते तं मले बी मालूम हाय," आणि चहा द्यायला उठली. फोटो मी स्वतः काढले. एक काढताना भिंतीचा पोपडा निघाला आणि अंगठ्यात खिळा शिरला. समितीच्या नियमाप्रमाणे ती जखम मी नीट धुतली.

पाया पडू न देणं मात्र वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मी मागे सरकलो तर लोक आणखी पुढे यायचे. हात पाठीमागे बांधून चालू लागलो तर पेशंटना वाटलं, साहेबांचा हात मोडला. एक म्हातारा तर चिडून उभाच राहिला. "काहून, डॉक्टर? आमचे हात घान हायेत काय?" आमच्या भागात कोणी कोणाला शिवलं नाही, याचा अर्थ काय होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी वरमलो. म्हटलं, "बाबा, तुमचे नाही, माहे घान हायेत." तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. डॉक्टर असं म्हणतो यावर त्याचा विश्वास बसेना, आणि मला ते म्हणायला इतकी वर्षं लागली यावर माझाही बसत नव्हता. शेवटी मी आठ नंबरवाल्या पोस्टमास्तरांची नक्कल केली. ताठ उभं राहायचं, लांबून हात जोडायचे, मुद्द्याचं बोलायचं. हळूहळू वॉर्डाला सवय झाली. मला व्हायला जास्त वेळ लागला. डोक्यावर ठेवायला उचललेला हात मी कितीतरी वेळा अर्ध्यातून परत आणला आहे. त्यानंतर त्या जातीचा जंतू आमच्या वॉर्डातून अकोल्याला गेला नाही. मैत्रीण म्हणते, आता तुझ्याकडून नमुने येत नाहीत, करमत नाही.

सात नंबरला सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागलं. जी दोन लागू पडत होती त्यातलं एक. त्याने मळमळायचं, तोंडाची चव जायची; ती संत्र्याची साल नाकाशी धरून पडून राहायची. जंतू गेला. जखम भरली. पण पू झालेला सांधा आतून आखडतो. व्यायाम करून घेणाऱ्या पोरीने रोज तिच्या पायावर जोर लावून पाहिला. ती ओठ चावून सोसायची, हूं की चूं करायची नाही. मी रोज जाऊन बघायचो आणि रोज तेवढाच कोन असायचा. खुर्चीवर बसता येईल, जिना एकेक पायरी चढता येईल, एवढा गुडघा वाकत होता. त्याखाली नाही. पुढे आणखी एखादं ऑपरेशन करून बघता येईल, असं मी म्हणालो. तिच्या नवऱ्याने मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी ती वॉकर धरून उभी होती. लुगडं नवं होतं. नवऱ्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि सवयीने माझ्याकडे वाकायला निघाला. तिने त्याचा दंड धरला. "नोको," ती म्हणाली. "त्याइच्या हाताले चालत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ते तिने मनात नीट लावून ठेवलं होतं, हे दिसत होतं.

"डॉक्टरसाहेब, तुमी पयल्या दिवशी म्हनलं होतं का सुट्टीच्या दिवशी उकिडवी बसून पाया पडसान म्हनून. मी लय कोशिश केली. नाही जमलं. माफ करजा."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच माफी मागत होती. जे मी गंमत म्हणून बोललो ते तिने वचनासारखं जपलं होतं, आणि ते पुरं झालं नाही याचं ओझं तिने स्वतःवर घेतलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी म्हणालो, "चूक माही होती, ताई."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

तिने वॉकरवरचा एक हात सोडून छातीशी नेला, मी दोन्ही हात जोडले. मग ती वॉकर टेकवत, एक पाय ताठ ओढत दाराकडे निघाली, नवरा पिशव्या घेऊन मागे. व्हरांड्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. पुढच्या खाटेवरचा पेशंट वाट बघत होता. मी हात धुवायला गेलो.